चिकटेना, पण सोडेना

नरहररावांनी होणाऱ्या व्याह्यांच्या चांदीच्या ताटाला लोहचुंबक लावलं, तेव्हा सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता. मनात वाईट काही नव्हतं. हे त्यांनी नंतर प्रत्येकाला बाजूला घेऊन समजावून सांगितलं. पटलं कोणालाच नाही, ती गोष्ट वेगळी.

त्याचं असं आहे, कोणाला सुपारी लागते, कोणाला पेपरातलं शब्दकोडं लागतं, तसं नरहररावांना लोहचुंबक लागायचं. यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात त्यांचा सगळा जन्म भांडारपाल म्हणून गेला. आलेला माल तपासायचा, पितळेच्या नावाखाली कोणी लोखंडाचा नळ तर खपवत नाही ना ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी जुन्या रेडिओतून काढलेलं एक चुंबक ते कायम खिशात ठेवायचे. निवृत्तीनंतर कार्यालय सुटलं, चुंबक काही सुटलं नाही. रव्यात फिरव, चहापत्तीत फिरव, नव्या कढईला लाव, असं दिवसभर चालायचं. एकदा भाच्याच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीला चुंबक लावून बघितलं, तेव्हापासून सुनीतीबाई लग्नाला निघताना आधी नवऱ्याचे खिसे तपासतात.

कार्यालयात मात्र या चुंबकाला मान होता. कोणी निवृत्त झालं की सगळे मिळून चांदीचं ताट द्यायचे, आणि ताट निवडायला हमखास नरहररावांना पाठवायचे. चुंबक चिकटलं नाही की ताट पास. स्वतःच्या निवृत्तीचं ताटही त्यांनी स्वतःच निवडून आणलं. ते इतकं मनासारखं निघालं की त्याच दुकानातून, त्याच दिवशी, अगदी तसंच जोडीचं दुसरं ताट पदरमोड करून घेतलं आणि लेकीच्या, अनघाच्या लग्नासाठी कपाटात ठेवून दिलं. अनघा तेव्हा शाळेत होती.

आता ती कळंबच्या एका बँकेत आहे, आणि मागच्या रविवारी तिचा साखरपुडा झाला. मुलगा स्वानंद, गुरांचा डॉक्टर. तो कळंबच्या दवाखान्यात होता तेव्हा शेळ्यांच्या विम्याच्या कागदांवरून दोघांची रोज भांडणं व्हायची. त्याची बदली त्याच्या गावी, पुसदला झाली, भांडणं बंद पडली, आणि दोघांनाही करमेना. मग घरच्यांना सांगणं आलं. स्वानंदचे वडील भगवानराव पुसदच्या कोर्टात वकील, आई उर्वशीबाई शिक्षिका. माणसं बघताक्षणी आवडावीत अशी. साखरपुड्यात त्यांनी सुनेला चांदीचं जडजूड ताट दिलं आणि नरहररावांनी परतीचा आहेर म्हणून आपलं जपलेलं जोडीचं ताट व्याह्यांच्या हाती ठेवलं. पाहुणे पुसदच्या वाटेला लागले तसं नरहररावांनी रेडिओतलं चुंबक आलेल्या ताटाला हळूच लावलंच. चिकटलं नाही. ते निश्चिंत झाले.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा केला तो नव्या चुंबकानं, आणि ते दिलं अब्दुल गनींनी.

गनीभाई म्हणजे नरहररावांचे जुने स्नेही. आर्णी रोडला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. पूर्वी विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी यायच्या, हल्ली विजेवर चालणाऱ्या स्कूटरी येतात. अशाच एका स्कूटरच्या चाकातून निघालेल्या चुंबकाच्या पट्ट्या एकीवर एक चढवून त्यांनी नरहररावांना भेट दिल्या. काडेपेटीएवढा ठोकळा, पण जोर असा की घरी आल्या आल्या फ्रिजला जाऊन बसला तो नवरा-बायकोनं मिळून ओढला तेव्हा सुटला. नरहररावांना रात्रभर त्याचीच स्वप्नं पडली. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी घरातल्या वस्तू नव्यानं तपासायला घेतल्या, आणि सगळ्यात आधी हाताशी आलं ते पुसदचं ताट.

त्यांनी चुंबक ताटावर ठेवलं. चिकटलं नाही. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि चुंबक उचलायच्या ऐवजी ताटच तिरपं केलं, म्हणजे ते घसरून आपोआप हातात येईल. ते येईना. म्हणजे येत होतं, पण फार सवडीनं. बाजारहाट करून गुडघे धरून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं, दमादमानं. नरहररावांनी ताट आणखी तिरपं केलं. चुंबकाला घाई नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, ताट पुसलं, चुंबक पुसलं आणि पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

मग ते उठले, कपाटातून आपलं निवृत्तीचं ताट काढलं, तेवढंच तिरपं धरलं आणि वर चुंबक सोडलं. ते सुर्रकन घसरलं आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आदळलं. अंगठा दुखायला लागला, पण त्याहून जास्त दुखायला लागलं ते वेगळंच.

सुनीतीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा नरहरराव एक पाय हातात धरून दोन ताटांकडे आळीपाळीनं बघत बसले होते.

"हे बघ," ते म्हणाले. "पुसदचं ताट. चुंबक चिकटत नाही, पण सोडतही नाही."

"मग राहू द्या न तिथंच. चहा घ्या."

पण आता चहा गोड लागणार नव्हता. नरहररावांचा हिशोब सरळ होता. चुंबकाला ओढ एका लोखंडाची. इथं ओढ दिसते, म्हणजे लोखंड आहे. थोडी दिसते, म्हणजे थोडं आहे. याचा अर्थ पोटात लोखंडाचा पत्रा आणि वरून चांदीचं पाणी. जुनं चुंबक कमजोर होतं म्हणून त्याला कळलं नाही. या तर्कात कुठं सुईएवढीही फट नव्हती, आणि माणूस अशाच तर्कानं खड्ड्यात जातो. सुनीतीबाईंनी सांगून बघितलं की असेल काही तरी, आपल्याला काय करायचंय, ताटात जेवायचं असतं, त्याची चौकशी करायची नसते. नरहररावांनी ऐकलं नाही. ताटाचं त्यांना काही नव्हतं. ज्या घरात लेक द्यायची ते घर पहिल्याच आहेरात फसवतं की काय, हा किडा डोक्यात शिरला होता, आणि तो बापाच्या डोक्यात शिरला की बाहेर निघणं कठीण.

साक्षीदार पाहिजे म्हणून त्यांनी गनीभाईंना बोलावून घेतलं. चुंबक त्यांचं, तेव्हा त्याची जबाबदारीही त्यांचीच. गनीभाई आले, पाटावर बसले, ताट तिरपं करून चुंबक सोडलं आणि ते खाली पोचेपर्यंत बघत राहिले. मग पुन्हा सोडलं. मग ताट उलटं करून मागच्या बाजूनं सोडलं.

"भाऊ," ते म्हणाले, "हे चिकटून नाही राह्यलं, पण कोणीतरी मागून शर्ट धरल्यावानी करून राह्यलं. चाळीस वर्षं मोटारी खोलून राह्यलो, असं पाह्यलं नोतं."

दोघांच्याही अंगात आता पोरकटपणा शिरला. घरातल्या एकेका वस्तूची परीक्षा सुरू झाली. लोखंडी तव्याला चुंबक असं जाऊन बसलं की ते काढताना गनीभाईंचं नख सोललं. लाकडी पोळपाटावरून ते सरळ निसटलं. इथवर ठीक. मग देवघरातलं तांब्याचं ताम्हण आणलं, चांगलं जाड, आणि त्याच्या सपाट भागावर चुंबक पुन्हा रेंगाळायला लागलं. ॲल्युमिनियमची जाड परात आणली. तिच्यावरूनही ते दमादमानंच उतरलं. नरहररावांचा चेहरा लांबत चालला. ताम्हणात लोखंड, परातीत लोखंड, सगळ्या जगात भेसळ माजली आहे आणि आपण त्यात आंधळ्यासारखे जगत आलो, असं ते मोठ्यानं बोलले. त्यांच्या लक्षात एवढंच राहिलं नाही की ते ताम्हण सुनीतीबाईंच्या माहेरून आलेलं होतं.

सुनीतीबाईंनी ताम्हण उचललं, पदरानं पुसलं, देवघरात नेऊन ठेवलं, आणि त्या दिवशी दुपारी वरणात मीठ नव्हतं.

गनीभाईंचं समाधान मात्र होईना. ते डोकं खाजवत बसले. "ताम्हण खोटं, परात खोटी, पुसदचं ताट खोटं," ते म्हणाले. "साऱ्या घरात खरं कोण, तं तुमचं एक ताट. भाऊ, मले हे जमून नाही राह्यलं."

नरहररावांना ते छान जमत होतं. आपलं ताट आपण निवडलेलं, म्हणून खरं, यात त्यांना आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही. गनीभाई दुकानात गेले तसा त्यांनी पुसदला फोन लावला.

सरळ विचारायचं नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. त्यांनी आडवळणानं सुरुवात केली. ताट फार सुरेख आहे, सगळ्यांना आवडलं, कोणत्या सराफाकडचं, पावती ठेवली असेल न, असंच आपलं, माहिती असलेली बरी. आता फोनच्या पलीकडचा माणूस आयुष्यभर साक्षीदारांच्या उलटतपासण्या घेत आलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "नरहरराव, झालं काय ते सांगा."

नरहररावांनी सगळं सांगून टाकलं. चुंबक, लोखंड, पत्रा, सगळं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. नरहररावांना वाटलं फोन कटला.

"मी उद्या येतो," भगवानराव म्हणाले, आणि मग खरंच कटला.

संध्याकाळी अनघा कळंबहून आली ती बसस्टँडवरून घरी येईपर्यंत सगळं कळूनच आली. स्वानंदचा फोन आला होता. बाबा ओरडले असते तर बरं होतं, पण ते दुपारपासून गप्प आहेत, जेवलेही नाहीत, आणि आई त्यांच्याशी दार लावून काहीतरी बोलते आहे, असं त्यानं सांगितलं होतं. अनघानं पर्स टेबलावर ठेवली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, मला ते ताट नको होतं," ती म्हणाली. "मला स्वानंद पाहिजे होता. उद्या ते येतील, आपलं ताट परत घेतील अन् बरोबर अंगठीही मागतील. मग तुम्ही काय लावून बघणार आहे?"

"अगं, पण खोटं असलं तर? फसवणाऱ्या घरात तुला पाठवू काय मी?"

हे अनघाला फार लागलं. बाबांवर राग काढता येत होता, पण मनात एक कोपरा असा होता की खरंच आत लोखंड निघालं तर काय. ती न जेवता खोलीत जाऊन बसली. नरहरराव बाहेर बसले. घर असं चिडीचूप झालं की शेजारच्यांनी येऊन विचारलं, सगळं बरं आहे न.

दुसऱ्या दिवशी अनघानं बँकेत सुट्टी टाकली. पाहुणे येईपर्यंत करायचं काय, म्हणून तिनं ते चुंबक आणि दोन्ही ताटं समोर घेतली. ज्यानं आपलं लग्न मोडायला घेतलं आहे ते आहे तरी काय, हे तिला बघायचं होतं. तेवढ्यात गनीभाईही आले. दुकानात लक्ष लागून नाही राह्यलं, म्हणाले. तेही खाली मांडी घालून बसले. नरहरराव आरामखुर्चीत, सुनीतीबाई दारात.

अनघानं पुसदचं ताट जमिनीवर सपाट ठेवलं, त्यावर चुंबक ठेवलं आणि अलगद उचललं. सहज हातात आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मग तिनं तव्यावर ठेवून तेच करून बघितलं, तर तवाच चुंबकाबरोबर वर आला.

"काका, लोखंड असतं तर उचलताना ओढ लागली असती न?" ती म्हणाली. "इथं काहीच नाही. जोवर थांबलेलं आहे तोवर काही नाही. चाललं की धरतं."

"म्हणजे हे चालत्यालेच धरून राह्यलं," गनीभाई म्हणाले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "असं एका जागी होते. मोटारीत. स्कूटरच्या मोटारीच्या वायरी आपसात चिकटल्या तं चाक हातानं फिरत नाही, जड होऊन जाते. चुंबक फिरते, तारेत करंट येते, अन् तो करंट चाकाले अडवते. पण बेटा, ताटाले वायर कुठं आहे?"

अनघा ताटाकडे बघत राहिली. बारावीला शिकलेलं, परीक्षेनंतर धुऊन टाकलेलं, एकेक करून वर यायला लागलं. "वायर कशाला पाहिजे," ती हळूहळू म्हणाली. "सगळं ताटच धातू आहे. चुंबक पुढं सरकलं की त्याच्याखाली ताटात वीज गोल गोल फिरत असेल. त्या विजेचं स्वतःचं थोडंसं चुंबक होतं, अन् ते याला म्हणतं, थांब. हे थांबलं की वीज बंद. पुन्हा चाललं की पुन्हा सुरू." मग ती एकदम ताठ बसली. "म्हणजे लोखंडाचा यात काही संबंध नाही. ज्याच्यातून वीज चांगली जाते ते धरतं. तांब्यातून चांगली जाते. ॲल्युमिनियममधून जाते. अन् सगळ्यात चांगली कशातून जाते?"

"चांदीतून," दारातून स्वानंदचा आवाज आला.

भगवानराव आणि स्वानंद कधी येऊन उभे राहिले होते कोणालाच कळलं नव्हतं. सुनीतीबाई लगबगीनं बाजूला झाल्या. नरहरराव उठताना दुखऱ्या अंगठ्यावर उभे राहिले आणि त्यामुळे त्यांचा नमस्कार जरा वाकडाच झाला. भगवानरावांनी कोट काढला नाही, पाणी घेतलं नाही. ते सरळ खाली मांडी घालून बसले, ताट उचललं आणि तिरपं धरलं. अनघानं वरून चुंबक सोडलं. सगळे ते खाली येईपर्यंत बघत राहिले.

"म्हणजे हे असं हळू येतंय," भगवानरावांनी कोर्टातल्यासारखं एकेका शब्दावर थांबून विचारलं, "ते खरं आहे म्हणून?"

"हो बाबा," अनघा म्हणाली. तिनं त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हटलं होतं, पण ते तिच्याही लक्षात आलं नाही.

भगवानरावांनी भला मोठा श्वास सोडला आणि भिंतीला टेकले. नरहररावांचा आनंद तर घरात मावेना. ताट खरं, व्याही खरे, लग्न खरं. त्यांनी भगवानरावांचे दोन्ही हात धरून माफी मागितली, गनीभाईंची पाठ थोपटली, देवघरातलं ताम्हणही खरं असल्याचं सुनीतीबाईंना जाहीरपणे सांगितलं. आनंदाच्या भरात त्यांनी स्वतःचं निवृत्तीचं ताट उचललं. आता ही खरी मौज तुम्हाला माझ्या ताटावर दाखवतो, असं म्हणाले, आणि चुंबक सोडलं.

ते सुर्रकन घसरलं.

नरहररावांनी पुन्हा सोडलं. पुन्हा सुर्रकन. तिसऱ्यांदा सोडायला हात उचलला तो तसाच राहिला.

"बाबा," अनघा अगदी हळू म्हणाली, "तुमचं ताट पोळपाटासारखं वागतंय."

गनीभाईंनी ताट हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि गुपचूप खाली ठेवलं. गिलटाचं असावं, एवढं ते पुटपुटले. गिलट म्हणजे चांदीसारखा दिसणारा स्वस्त भेसळीचा धातू. त्याला चुंबक चिकटत नाही, आणि वीजही त्याच्यातून धड जात नाही. नरहररावांच्या चुंबकानं आयुष्यभर ज्याला पास केलं ते हे.

नरहरराव आरामखुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांसमोरून कार्यालयातून निवृत्त झालेले एकेक जण आपापलं ताट घेऊन जायला लागले. बडे बाबू गेले, टंकलेखिका बाई गेल्या, शिपाई गेला. पण या सगळ्या मिरवणुकीच्या मागून एक ताट येत होतं आणि ते दिसलं तसा त्यांना घाम फुटला. या ताटाचं जोडीचं ताट. ते आता पुसदला होतं. चार लोकांसमोर, साखरपुड्यात, त्यांनी स्वतःच्या हातानं दिलं होतं.

सुनीतीबाईंनाही तेच दिसलं असावं. त्यांनी नवऱ्याकडे बघून मान अगदी थोडीशी हलवली. नका बोलू. कोणाला कळणार आहे? व्याही आनंदात आहेत, आणखी थोड्या वेळात उठून जातील, जमलेलं लग्न पार पडेल. अनघा खाली बघत होती. नरहररावांनी बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. आत्ता, या घटकेला, अंगठी तिच्या बोटात होती. काल त्यांनी एका माणसाला फसवणारा म्हणून फोन केला होता, आणि आज गप्प राहिलं तर तो फोन त्यांनी स्वतःलाच केला असं होणार होतं.

"भगवानराव," ते म्हणाले. "तुम्हाला मी दिलं ते ताट याचंच जोडीचं आहे. एकाच दुकानातलं. एकाच दिवशी घेतलेलं."

"माहिती आहे," भगवानराव म्हणाले.

नरहररावांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

मग भगवानरावांनी सांगितलं. त्यांच्याकडची पद्धत अशी की घरात नवं भांडं आलं की त्यावर नाव घालायचं. सून येणार म्हणून उर्वशीबाईंनी साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी ते ताट पुसदच्या सराफाकडे नेलं आणि त्यावर अनघाचं नाव घालायला सांगितलं. सराफानं पहिलं अक्षर घातलं आणि हात थांबवला. वरचं चांदीचं पाणी निघून खालून वेगळाच पिवळट रंग दिसायला लागला होता. त्यानं ताट पुढं करून दाखवलं आणि विचारलं, बाई, पुढचं घालू का इथंच राहू देऊ?

"मग?" नरहररावांनी विचारलं.

"मग काय. उर्वशी म्हणाली, नुसता 'अ' काय कामाचा, नाव पुरं घाला."

घरी आल्यावर भगवानरावांनी बायकोला विचारलं होतं, की व्याह्यांना कळवायचं का. त्यावर उर्वशीबाई म्हणाल्या, तुम्ही बघितलं नाही, ताट देताना त्या माणसानं ते उपरण्यानं पुसलं. मग चष्मा लावून बघितलं आणि परत पुसलं. फसवायचं ताट कोणी इतकं पुसतं का? ते बिचारे स्वतःच फसले आहेत, त्यांना कशाला सांगायचं. मुलगी आपल्याला आवडली आहे, ताट मांडणीवर राहील. तो विषय तिथंच संपला होता.

"अन् काल मी फोन केला तेव्हा?"

"काल तुमचा फोन आला, अन् मला वाटलं आमच्या सराफानं आम्हालाही तसंच दिलं," भगवानराव म्हणाले. "दोन्ही घरचं खोटं. तोंड कसं दाखवायचं तुम्हाला, म्हणून मला जेवण गेलं नाही. मी आज माफी मागायला निघालो होतो, नरहरराव. गाडीत सगळं पाठ करून आलो."

स्वानंदनं मान हलवून त्याला दुजोरा दिला. आर्णीपासून आपण तीच माफी ऐकत आलो, असं तो म्हणाला. अनघा हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नरहररावांना काय करावं ते कळेना. मी दुसरं ताट आणून देतो, खरं, सराफाकडून तपासून, असं ते दोनदा म्हणाले. भगवानरावांनी हात हलवला. त्या ताटावर आता सुनेचं नाव आहे, म्हणाले, ते घरातून हलणार नाही. सराफ म्हणत होता, चांदी मऊ असते, घासून घासून अक्षरं झिजतात. गिलटावरचं नाव टिकतं.

सुनीतीबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि कालपासून बंद असलेलं तोंड उघडलं. एवढ्या समजूतदार विहीणबाईंना बरोबर काहून नाही आणलं, असं त्यांनी जरा रागावूनच विचारलं.

भगवानराव अवघडले. त्यांनी मुलाकडे बघितलं, मुलानं छताकडे बघितलं.

"येणार होती," ते म्हणाले. "पण दारापर्यंत आली अन् परत फिरली. म्हणाली, मी आले अन् नरहररावांनी खिशातून ते चुंबक काढलं, तर मला हसू आवरणार नाही. निघताना मलाही बजावलं, तुम्हीही हसायचं नाही म्हणून."

आणि एवढं सांगता सांगता वकीलसाहेबांना बायकोचा शब्द पाळता आला नाही. पण त्यांच्याही आधी हसले ते नरहरराव.